लांब राइडमध्ये लागणारी तल्लफ: पिशवीत काय, किती आणि कधी?

चाकोरीबाहेर (धागाकर्ता)

नाशकातल्या रविवारच्या राइड आता गंगापूर धरणाला वळसा घालून संपत नाहीत. वणी-नांदुरी करून सप्तशृंगगड, कसारा घाट उतरून परत वर, त्र्यंबक-मोखाडा-जव्हार, नाहीतर सरळ हायवेने चांदवड. शंभर-सव्वाशे किलोमीटर सहज होतात. बीआरएमवाले (ठरावीक वेळेत लांब पल्ला पुरा करायच्या राइड करणारे) तर २०० पासून सुरू करून ६०० पर्यंत पोचतात. ट्यूब, पंप, चेन यांवर इथे ढिगाने धागे आहेत. खाण्याचा विषय निघाला की मात्र दुसऱ्या प्रतिसादात गाडी मिसळीवर घसरते. २०१५ साली महाजन बंधू दोघांच्या गटात रेस अक्रॉस अमेरिका ही लांब पल्ल्याची सायकल शर्यत पूर्ण करून आले ते याच गावचे, तेव्हा विषय जरा नीट होऊ द्या.

प्रश्न असे:
१. पहिले दोन तास भूक नसते आणि सत्तरेक किलोमीटरनंतर एकच पदार्थ डोक्यात बसतो. कधी जिलबी, कधी वडापाव, कधी नुसतं मीठ-लिंबू. असं का होतं?
२. त्या वेळी जे हवंसं वाटतंय ते खावं का?
३. खिशात गोड असतं आणि नेमकं तेच नको होतं. यावर उपाय?

‘हलकं खा, पाणी प्या’ नको. ग्रॅममध्ये सांगा.

---

वाटीचमचा

आधी हिशेब. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असते. यकृतातला वाटा ८०-१०० ग्रॅमच, आणि रक्तातली साखर टिकवण्याचं काम त्याच्याकडे. रात्रीच्या झोपेत तो बराच खर्च होतो. पहाटे साडेचारला नुसता चहा घेऊन निघालात तर यकृताची टाकी अर्धी रिकामीच घेऊन निघालात.

जोर लावून चालवताना रक्त पायांकडे वळतं, आतड्यांकडचं कमी होतं, भूक दबते. म्हणून पहिले दोन तास काही खावंसं वाटत नाही. गरज नसते असं नाही, फक्त कळत नाही. पुढे रक्तातली साखर घसरायला लागली की मेंदू लगेच वर चढणारं काहीतरी मागतो आणि समोर जिलबी दिसायला लागते. ही तल्लफ तासाभरापूर्वीच्या उपाशीपणाची असते, आत्ताची नव्हे.

त्यामुळे पहिला घास तिसाव्या मिनिटाला, भूक असो वा नसो. त्यानंतर दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडं थोडं. सायकलच्या कंप्युटरवर अलार्म लावता येतो, तो लावा. ताशी प्रमाण:

दोन तासांपर्यंतची राइड: ३० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं, म्हणजे साखर-स्टार्च) पुरे.
तीन ते पाच तास: ४५-६० ग्रॅम.
बीआरएम किंवा दिवसभराची राइड: ६० ग्रॅम. पोटाला हळूहळू सवय लावली असेल तरच ८०-९०.

साठच्या वर जायचं असेल तर नुसतं ग्लुकोज चालत नाही. आतड्यात ते शोषणारी वाट ताशी साठेक ग्रॅमला भरून जाते. फ्रुक्टोजची वाट वेगळी असते, म्हणून दोन्ही मिसळून द्यावं लागतं. नाहीतर न शोषलेली साखर पोटात पाणी ओढते आणि पुढचं काय ते सांगायला नको.

नेहमीच्या वस्तूंचा अंदाज (आकाराप्रमाणे फरक पडेल): मध्यम केळं २५ ग्रॅम, पार्ले-जीचं एक बिस्कीट ४, छोटा बी काढलेला खजूर ६, राजगिऱ्याचा २५ ग्रॅमचा लाडू १७-१८, मनुका मूठभर म्हणजे ३० ग्रॅम असतील तर २२-२३, सपाट चहाचा चमचा साखर ४, एक पाव २०.

---

सातपूरचा_सायकलवाला

मिसळ खा, प्रश्न मिटला.

---

चाकोरीबाहेर

आला बघा दुसरा प्रतिसाद.

---

घाटकरी

हसू नका, मिसळीचा मुद्दा रास्त आहे. एवढे लोक एवढ्या नियमाने त्याच ताटावर येऊन थांबतात त्याला कारण आहे. तीन तास केळी, खजूर, ग्लुकॉन-डी असं गोडच गोड गेलं की जिभेला त्याचा वीट येतो. दुसरीकडे घामातून मीठ गेलेलं असतं. खारट, आंबट, तिखट, गरम, कुरकुरीत हे सगळं एका ताटात कुठे मिळतं? म्हणजे तल्लफ मिसळीची वाटली तरी मागणी मीठ आणि चवबदलाची असते. ती मागणी स्वस्तात भागवता येते.

मिसळ राइडच्या मध्यात का नडते: तर्री म्हणजे तेल, फरसाण म्हणजे तेल, आणि मटकीचं फायबर वेगळं. तेल आणि फायबर दोन्ही पोट रिकामं व्हायला उशीर लावतात. त्यात ड्रॉप बार (खाली वळलेलं हँडल) धरून वाकलात की पोट दाबलं जातं आणि तिखट रस्सा घशाशी येतो. घाट चढायचा असेल तर विचारूच नका.

तरी मध्येच खायची असेल (ग्रुप थांबला की थांबावंच लागतं) तर अशी खा:
तर्री नको, पातळ रस्सा अर्धी वाटी.
फरसाण निम्मं काढून ठेवा.
पाव तीन. राइडसाठी खरं जेवण पावच आहे.
दही पूर्ण घ्या. तिखट शमतं.
पापड खा, मीठ मिळतं. सोबतची जिलबी सगळ्यात आधी.
नंतर वीस मिनिटं हलक्या गिअरवर, बोलता येईल इतक्याच जोरात.

बीआरएममध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. वेळ भरपूर वाटतो, पण हॉटेलातलं प्रत्येक बसणं पाऊण तासाचं होतं. अशी तीन बसणी झाली की शेवटच्या टप्प्यात घड्याळाकडे बघत पेडल मारावे लागतात.

---

मीठमिरची

तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे गोडाच्या विटावर.

घरचं पेय, ७५० मिलीच्या बाटलीसाठी: साखर ४५ ग्रॅम (सपाट चहाचे अकरा चमचे), मीठ पाव चमचा म्हणजे साधारण दीड ग्रॅम, अर्धं लिंबू. ही ६ टक्क्यांची साखर झाली. ८ टक्क्यांच्या वर गेलात की पेय पोटातच रेंगाळतं, गुडगुडतं आणि तहानही भागत नाही. बरेच जण ‘ताकद येईल’ म्हणून ग्लुकॉन-डीचे पाच-सहा मोठे चमचे ओततात आणि मळमळलं की उन्हाला दोष देतात.

पाव चमचा मिठात साधारण ६०० मिलिग्रॅम सोडियम येतं. घामात लिटरमागे ४०० ते १२०० मिलिग्रॅम जाऊ शकतं, माणसामाणसांत फार फरक. जर्सीवर, हेल्मेटच्या पट्ट्यांवर पांढरे डाग पडत असतील तर तुम्ही वरच्या गटातले. त्यांनी मीठ थोडं वाढवावं.

ज्यांना ताशी साठ ग्रॅम बाटलीतूनच हवे आहेत त्यांच्यासाठी: साखर ४० ग्रॅम अधिक ग्लुकोज पावडर २० ग्रॅम. साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. त्यामुळे एकूण ४० आणि २०, बरोबर दोनास एक. विकतच्या महागड्या पुड्यांमध्ये साधारण हेच गणित असतं. हे मात्र एक लिटर पाण्यात घाला, ७५० मध्ये नको.

गोडी कमी हवी असेल तर माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर. कार्ब तेवढेच, गोडी जवळपास नाही. सप्लिमेंटच्या दुकानात मिळतं. साखरेची निम्मी जागा त्याला दिली की पाचव्या तासालाही बाटली तोंडाला लावावीशी वाटते.

आणि दोन बाटल्या दोन चवींच्या ठेवा. एकात हे पेय, दुसऱ्यात साधं पाणी. जेल (पुडीतला साखरेचा घट्ट पाक) किंवा खजूर खाल्ल्यावर घोट साध्या पाण्याचाच.

---

द्राक्षबाग

जेलला पैसे का घालवता? आपल्याकडे मनुका आहेत. वजनाला हलक्या, उन्हात वितळत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळगाव, दिंडोरीकडे गेलात तर ताजी द्राक्षं रस्त्याकडेला.

---

वाटीचमचा

मनुका उत्तम, फक्त दोन गोष्टी. त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळपास सारखं असतं आणि फायबरही असतं. तासाला एक मूठ ठीक, सगळे साठ ग्रॅम मनुकांतूनच काढायला गेलात तर पोट बोलेल. आणि दातांत अडकतात, घोटभर पाण्याने चूळ भरा. ताज्या द्राक्षांत १०० ग्रॅमला १७-१८ ग्रॅमच साखर, बाकी पाणी. थांब्यावर खायला छान, पिशवीत ठेवलीत तर खड्ड्यांत रस होतो.

चिक्कीबद्दल कुणी विचारण्याआधीच: शेंगदाण्याची चिक्की निम्मी दाणे असते, म्हणजे तेल. शिवाय चढावर धापा टाकत असताना कोरडी चिक्की चावणं म्हणजे ठसक्याला आमंत्रण. सपाट रस्त्यावर एखादी वडी चालेल.

---

गोदाताई

नवरात्रात गडावर सायकलने जाणारे बरेच असतात आणि त्यातल्या अनेकांचा उपास असतो. नाशिकहून साठेक किलोमीटर, त्यातले शेवटचे दहा नांदुरीपासून घाटाचे. उपासाचं काय न्यावं? साबुदाणा खिचडी खाऊन निघालेल्यांना घाटात मळमळतं असं नेहमी ऐकू येतं.

---

मीठमिरची

ताई, दोष साबुदाण्याचा नाही. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च, सायकलला अगदी योग्य. त्रास देतात ते दाण्याचा कूट आणि तूप. एका बशीत मूठभर कूट असतोच. खिचडी खायचीच तर निघण्याआधी अडीच-तीन तास, कूट पाव करून.

त्यापेक्षा निघण्याआधी दीड तास भगर आणि पातळ ताक. दाण्याची आमटी परतल्यावर. वाटेत उकडलेलं रताळं (१०० ग्रॅमला १८-२० ग्रॅम कार्ब), राजगिऱ्याचे लाडू, खजूर. बाटलीत साखर-लिंबू आणि शेंदेलोण. शेंदेलोणही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, त्यामुळे प्रमाण नेहमीच्या मिठाइतकंच.

नांदुरीला पोचायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी २०-२५ ग्रॅम पोटात जाऊ द्या. घाट सुरू झाल्यावर चावणं आणि श्वास एकत्र जमत नाही. निर्जळी उपास असेल तर सायकल दुसऱ्या दिवशी काढावी.

---

गंगापूररोड

खारट खाण्यासाठी भाताच्या वड्या सुचवते. युरोपातल्या रेसिंग टीम वर्षानुवर्षं भाताचे केक खिशात देतात. आपल्याला तर तांदूळ घोटी-इगतपुरीतच पिकतो.

इंद्रायणी तांदूळ १ वाटी (२०० ग्रॅम), पाणी अडीच वाट्या. कुकरला तीन शिट्ट्या, वाफ आपोआप जाऊ द्या. गरम असतानाच त्यात ३० ग्रॅम साखर किंवा बारीक गूळ, अर्धा चमचा मीठ, एका लिंबाचा रस आणि हवं तर भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. लाकडी डावाने घोटा, दाणे अर्धवट मोडले पाहिजेत. काठाच्या थाळीला तुपाचा हात लावून दोन सेंटिमीटर जाडीत दाबून बसवा. वरून ओला हात किंवा वाटीचा बुडखा फिरवा. फ्रीजमध्ये दोन-तीन तास. मग आठ तुकडे. एका वडीत साधारण २३ ग्रॅम कार्ब आणि दीडशे मिलिग्रॅम सोडियम.

गुंडाळायला बटर पेपर. फॉइल भाताला चिकटते आणि बारीक कपटे तोंडात जातात.

बिघडतं कुठे: कोलम किंवा बासमती घेतला तर दाणे सुटे राहतात आणि वडी हातात येताच भुगा. गरम कापलं तर सुरीला ओढ बसून कडा तुटतात. तूप जास्त झालं तर वडी धरतच नाही.

---

घाटकरी

रेसिपी झकास. एक इशारा: शिजलेला भात उन्हात खराब होतो. भातात तग धरणारे जंतू असतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून शिजवल्यावर लवकर गार करा, रात्रभर ओट्यावर ठेवू नका, आणि एप्रिल-मेमध्ये पहिल्या दोन-तीन तासांतच संपवा. दुपारसाठी पिशवीत सुकंच ठेवा.

बटाट्याचं विचाराल तर छोटे उकडलेले, सालासकट, मीठ-जिऱ्यात घोळवलेले. चव अप्रतिम. पण एकात आठ-नऊ ग्रॅमच कार्ब. सहा बटाटे म्हणजे पाव किलोच्या वर ओझं आणि मिळाले पन्नास ग्रॅम. चवबदलाला दोन न्या, पोट भरायला नको.

---

पहाटवारा

राइडमध्ये काही खाल्लं नाही तर चरबी जास्त जळते ना? वजन कमी करायलाच सायकल घेतलीय.

---

वाटीचमचा

तासा-दीड तासाच्या हलक्या राइडला न खाता गेलात तर बिघडत नाही. चार तास तसेच ओढलेत तर दोन गोष्टी होतील. शेवटच्या तासात वेग इतका पडतो की एकूण खर्चच घटतो. आणि संध्याकाळी फ्रीज उघडा तो उघडाच. वजनाचा हिशेब राइडवर नाही, या संध्याकाळच्या तल्लफेत बिघडतो. तासाला ४० ग्रॅम म्हणजे १६० कॅलरी राइडवर खाल्ल्या तर रात्रीच्या फरसाणाच्या आणि आइस्क्रीमच्या पाच-सहाशे टळतात.

घरी आल्यावर पहिल्या तासात वरण-भात-दही किंवा अंडी-पोळी असं खरं जेवण. वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम कार्ब आणि २०-२५ ग्रॅम प्रोटीन. आधी अंघोळ, मग झोप, मग जेवण असा क्रम लावलात की तल्लफ हमखास.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर वरचे आकडे तसेच उचलू नका. लांब राइडआधी डोस आणि खाणं डॉक्टरांशी ठरवा आणि ग्लुकोज हाताशी ठेवा.

---

सातपूरचा_सायकलवाला

आता गंभीरपणे विचारतो. पाणी भरपूर पीत असूनही मीठ खावंसं वाटतं आणि पोटात डचमळतं, हे काय?

---

मीठमिरची

‘असूनही’ नाही, बहुधा ‘म्हणूनच’. घामातून मीठ जातंय आणि आत फक्त साधं पाणी येतंय, त्यामुळे रक्तातलं सोडियम पातळ होतं. खुणा: बोटं सुजून अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा घट्ट होणं, पोट डचमळणं, लघवी पांढरी स्वच्छ आणि वारंवार, डोकं दुखणं. अशा वेळी आणखी पाणी ढोसू नका. थांबा, खारट काहीतरी खा: पापड, खारे दाणे मूठभर, नाशिकचा चिवडा दोन-तीन चमचे (तळलेला असतो, त्याहून जास्त नको). बरं वाटेपर्यंत पाणी फक्त घोट घोट. बोलण्यात असंबद्धपणा, उलट्या, झोक जाणे असं दिसलं तर सायकल बाजूला, सरळ दवाखाना.

ओआरएस वापरत असाल तर पुडीवर लिहिलेल्या पाण्यातच. मोठी पुडी लिटरची असते. एका लिटरमध्ये ग्लुकोज साडेतेरा ग्रॅमच असतं, म्हणजे मीठ भागतं, भूक नाही. ओआरएस पिऊनही पाय का चालत नाहीत याचं उत्तर तिथे आहे. आणि टेट्रापॅकमधली गोड ‘एनर्जी’ पेयं ओआरएस समजू नका, लेबल वाचा.

---

घाटकरी

तल्लफेवरून काय करायचं ते थोडक्यात लिहितो, बाकीचे भर घालतीलच.

गोड हवं, हात थरथरतायत, बारीकसारीक गोष्टींवर चिडचिड होतेय: साखर पडलीय. लगेच २०-२५ ग्रॅम. सहा चमचे साखरेचं लिंबूपाणी किंवा ग्लासभर उसाचा रस, बर्फ नको. मग दहा-पंधरा मिनिटं हळू. बिस्किटांचा अख्खा पुडा एकदम संपवू नका, कोरडं पीठ पोटात गोळा होऊन बसतं.

आंबट हवं: बहुतेक वेळा तोंड गोडाने चिकट झालंय. लिमलेटची गोळी, आवळ्याची फोड, लिंबाची फाक मिठाला लावून. फार विचार नको.

थंड हवं: अंग तापलंय. खाण्याआधी मानेवर, मनगटांवर पाणी ओता, पाच मिनिटं सावली. तापलेल्या अंगाने खाल्लेलं पचत नाही. कोला घ्यायचाच तर गॅस काढून, छोटी बाटली, सोबत तेवढंच पाणी.

चहा हवा: घ्या. पण कटिंगमध्ये साखर आठ-दहा ग्रॅमच आणि चहाने भूक मरते. चहाच्या थांब्याला ‘खाणं झालं’ असं धरू नका. सोबत केळं हवंच.

भजी हवीत (पावसात त्र्यंबक रस्त्याला ही तल्लफ सगळ्यांनाच): परतीला. जाताना भाजलेलं कणीस घ्या, लिंबू-मीठ जास्त चोळून.

---

गंगापूररोड

थंडीचं राहिलं. डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या बाजूला पहाटे पारा एक आकडी होतो. तहान लागत नाही, मग बाटलीतलं पेयही पोटात जात नाही आणि बाटलीतले कार्बही बुडतात. त्या दिवसांत बाटलीवर हिशेब ठेवू नका, घन खाणं वाढवा. तुपातले लाडू दगड होतात, खजूर घट्ट होतो. रात्रीच बी काढून अर्धे करून ठेवा. जाड हातमोज्यांनी वेष्टन फाटत नाही, म्हणून पुडे घरीच उघडून छोट्या झिप पिशव्यांत भरा.

---

चाकोरीबाहेर

उपयोगी. शेवटचा प्रश्न: हे सगळं ठेवायचं कुठे? जर्सीच्या खिशात केळ्याचा लगदा होतो.

---

घाटकरी

टॉप ट्यूबवरच्या (सीट आणि हँडलमधल्या आडव्या दांड्यावरच्या) बॅगेत फक्त पुढच्या दोन तासांचं, घासाच्या आकाराचे तुकडे करून. डाव्या कप्प्यात गोड, उजव्यात खारट, म्हणजे न बघता हात जातो. बाकीचं सीटमागच्या बॅगेत, थांब्याला पुढे भरायचं. केळं न्यायचंच तर जरा कच्चट, देठासकट, जर्सीच्या मधल्या खिशात उभं. पिकलेलं वाटेत विकत घ्या, दिंडोरी-वणीपर्यंत टपऱ्या कमी नाहीत. त्र्यंबकच्या पुढे जव्हारकडे जाताना मात्र पहाटे टपऱ्या उघड्या असतील असं धरू नका, त्र्यंबकलाच भरून घ्या.

आणि साखरेच्या बाटल्या घरी आल्या आल्या धुवा. झाकणाचा नॉझल ओढून काढा, काळी बुरशी त्याच्या आतल्या खाचेत बसते. गरम पाणी, चमचाभर खायचा सोडा, जुना टूथब्रश, मग उघडी उपडी ठेवून वाळवा.